जुना टॉवर पाडायचा की राखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या ऐन मध्यावर उभा असलेला, चाळीस-पन्नास-साठ वर्षांचा उंच टॉवर. खाली दुकानं, वर ऑफिसं, क्वचित घरं. लिफ्ट वरचेवर बंद पडते, भिंतींना ओल धरते आणि एक दिवस पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो. त्यानंतर मालक, गाळेधारक, भाडेकरू, शेजारी आणि वास्तुप्रेमी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं देणारा तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पाडणं का गरजेचं आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी पाडू म्हणणाऱ्याची, असं माझं मत. राखू म्हणणाऱ्यानं मात्र खर्चाचा आकडा दडवू नये.

हा वाद शेवटी जुनं विरुद्ध नवं असाच आहे ना?

तसा तो मांडला जातो आणि तिथेच घोळ होतो. एक बाजू आठवणी सांगत बसते, दुसरी चकचकीत चित्रं दाखवते (त्या चित्रांत कायम कोवळं ऊन असतं आणि रस्त्यावर एकही टेम्पो नसतो), आणि इमारतीला नेमकं काय झालंय हे कोणीच विचारत नाही.

उंच इमारत म्हणजे तीन वेगवेगळ्या वयांच्या गोष्टी. पहिली सांगाडा: पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि लिफ्ट-जिन्यांभोवतीचा कोअर. दुसरी बाहेरचं आवरण: भिंती, काचा, खिडक्या, सांधे भरायचं सीलंट. तिसरी आतली यंत्रणा: लिफ्ट, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, वायरिंग, वातानुकूलन, आग विझवायची व्यवस्था. लिफ्ट वीस-पंचवीस वर्षांत बदलायला येते. सीलंट त्याआधीच कडक होऊन सुटतं. पाइप तीस-चाळीस वर्षांनी सडतात. सांगाडा मात्र, पाणी लागू दिलं नाही तर, शंभरी सहज गाठतो. न्यूयॉर्कची वूलवर्थ बिल्डिंग १९१३ ची. तिच्या वरच्या मजल्यांवर आता घरं आहेत.

म्हणजे रहिवाशांना रोज जो त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीचा असतो, आणि पाडायचा प्रस्ताव येतो तो पहिलीसकट सगळ्याचा. घड्याळाचा पट्टा तुटला म्हणून कोणी घड्याळ फेकत नाही.

पण काँक्रीटही खराब होतंच की. छताचे पोपडे पडतात, सळया दिसतात.

होतं, आणि ते कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण निम्मा निर्णय त्यावर ठरतो.

ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साधारण साडेबारा-तेरा. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि पीएच उतरत जातो (हेच कार्बोनेशन). तो नऊच्या खाली गेला की संरक्षण संपलं. आता ओल पोचायचा अवकाश, सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून रेटा देतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते आणि मग सळईवरचा थर सुटून पडतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतलं क्लोराइड हेच काम जास्त वेगानं करतं.

तपासायची सगळ्यात साधी रीत आजही तीच आहे. हातोडीनं पृष्ठभागावर टकटक करत जायचं. घट्ट काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. जाणता माणूस खडूनं बद्द वाजणाऱ्या भागाभोवती रेघ मारत पुढे जातो. दिवसाअखेर छताकडे पाहिलं की नुकसानीचा नकाशाच समोर असतो. बरेचदा त्या रेघांचा पसारा बाथरूमच्या खाली, गच्चीच्या पन्हळीजवळ आणि टाकीच्या आसपास दाटलेला आढळतो. म्हणजे दुखणं गळतीचं असतं, सबंध इमारतीचं नव्हे. गळती थांबवून, खराब काँक्रीट काढून, सळया साफ करून किंवा नव्या जोडून, वर पॉलिमर मॉर्टर किंवा जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचं वेष्टन) करून हे भाग सुधारता येतात. तसे भाग मजल्यामजल्यावर, कॉलमच्या मुळापर्यंत पसरले असतील तर गोष्ट वेगळी.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'धोकादायक' असं लिहून आलंय. मग चर्चा संपलीच ना?

चर्चा तिथून सुरू होते. अहवालाचं शेवटचं पान वाचून सभेत हात वर करू नका, आधीची पानं वाचा.

काँक्रीटचे नमुने किती ठिकाणी काढले आणि ते कुठून? वीस मजल्यांच्या इमारतीत तळघरातल्या तीन नमुन्यांवरून निष्कर्ष काढला असेल तर तो तळघरापुरता. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट जास्त कडक लागतो. म्हणून त्याच्या जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी, कार्बोनेशन किती खोल गेलंय त्याचं मोजमाप आणि सळयांच्या गंजाची हाफ-सेल चाचणी लागते. कोणता भाग तातडीनं टेकू द्यावा असा आणि कोणता पाच वर्षं थांबू शकतो, अशी प्रतवारी आहे का? आणि मुख्य म्हणजे 'दुरुस्त होऊ शकत नाही' असं लिहिलंय, की 'दुरुस्ती सुचवत नाही' असं? दुसरं विधान अभियांत्रिकीचं नसतं, हिशेबाचं असतं.

ऑडिटचे पैसे कोणी दिले हेही बघा. ज्याला पाडायचंय त्यानं नेमलेला अभियंता खोटंच लिहील असं नाही, पण दुसरं मत घ्यायला पैसे घालवणं इथे वसूल होतं. राखू म्हणणाऱ्यांनी आणलेल्या अहवालालाही हाच नियम.

दुरुस्तीपेक्षा नवीन बांधणं स्वस्त पडतं, असं सगळेच म्हणतात.

कधी खरं असतं, बरेचदा दोन वेगवेगळ्या गोष्टींची तुलना असते. दुरुस्तीचा पूर्ण खर्च एका रकान्यात आणि नव्या बांधकामाचा फक्त चौरस फुटाचा दर दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्यात पाडकाम, राडारोडा हलवणं, अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतूंचा जुना बांधकाम-पदार्थ) असेल तर ते काढणं, स्थलांतर, मधल्या वर्षांचं बुडालेलं भाडं, कर्जाचं व्याज आणि परवानग्यांना लागणारा वेळ धरला, की चित्र बदलतं.

तरी राखणाऱ्यांच्या बाजूचं एक दुखणं मान्य केलं पाहिजे. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज जवळजवळ नेहमी वाढतो. फॉल्स सीलिंग उघडल्यावर कोणीतरी कधीतरी पाइप नेण्यासाठी बीमला भोक पाडलेलं सापडतं, नकाशात नसलेला मेझनाइन (मधला पोटमजला) सापडतो, मूळ नकाशेच सापडत नाहीत. म्हणून सुरुवातीच्या अंदाजात अनपेक्षित कामांसाठी भरघोस तरतूद हवी. ती नसलेला अंदाज कोणी पुढे केला तर तो परत पाठवा.

मग विकासकाला पाडण्यातच एवढा रस का?

कारण पैसा इमारतीत नसतो, तिच्या वरच्या मोकळ्या हवेत असतो. त्या जागेवर आज जेवढा एफएसआय (भूखंडाच्या मानानं किती बांधता येतं, ते प्रमाण) मिळतो आणि जुन्या इमारतीत जेवढा वापरला आहे, त्यातल्या फरकाची ही सगळी गोष्ट आहे.

न्यूयॉर्कचं २७० पार्क अ‍ॅव्हेन्यू घ्या. १९६० ची, ५२ मजल्यांची, सुमारे २१६ मीटर उंच इमारत. युनियन कार्बाइड कंपनीसाठी बांधलेली. नताली द ब्लॉइस आणि गॉर्डन बनशाफ्ट यांचं डिझाइन. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं भलं मोठं नूतनीकरण होऊन तिला लीड प्लॅटिनम हे हरित इमारतीचं सर्वोच्च मानांकनही मिळालं होतं. त्यानंतर दहा वर्षंही झाली नाहीत तोच ती पाडायला घेतली. ती मोडकळीला आली होती असं कोणीच म्हटलं नव्हतं. २०१७ मध्ये त्या भागाचे बांधकाम-नियम बदलले, जास्त बांधायला मुभा मिळाली, एवढंच. आता तिथे ४२३ मीटरचा टॉवर उभा आहे.

याच्या उलटही होतं, आणि ते फार जणांच्या लक्षात येत नाही. काही जुने टॉवर आजच्या नियमांत बसतं त्याहून जास्त बांधलेले असतात. ते पाडले तर तेवढं क्षेत्रफळ परत बांधता येत नाही. अशा वेळी मालक अचानक वारसाप्रेमी होतात. तुमच्या इमारतीच्या बाबतीत हा आकडा कोणत्या बाजूला झुकतो, ते पहिल्याच बैठकीत विचारा. पुढची अर्धी भाषणं त्यातून आपोआप उलगडतात.

नवी इमारत वीज कमी खाईल. पर्यावरणासाठी तीच चांगली नाही का?

रोजच्या विजेत ती उजवी ठरेल, यात शंका नाही. पण ती उभी करायला लागलेलं सिमेंट आणि पोलाद? जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि इमारतीतलं बहुतेक सिमेंट-पोलाद सांगाड्यात असतं. म्हणजे नेमका जो भाग सगळ्यात जास्त टिकतो. तो पाडला की ते सगळं उत्सर्जन पुन्हा, तेही आजच्या आज. बचत पुढच्या काही दशकांत थेंबाथेंबानं येणार. अमेरिकेतल्या 'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन'च्या अभ्यासानुसार बांधकामाचं हे कर्ज फेडायला नव्या कार्यक्षम इमारतीला, प्रकार आणि हवामानाप्रमाणे, १० ते ८० वर्षं लागतात. वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतशी ही फेड आणखी लांबेल, कारण वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे वाचणारा कार्बन कमी होईल.

जुनी इमारत आहे तशी ठेवा, असा याचा अर्थ नाही. एकेरी काचेचा, फटींतून हवा गळणारा टॉवर ठेवून स्वतःला पर्यावरणप्रेमी म्हणवून घेण्यात अर्थ नाही. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या नूतनीकरणात तिच्या ६,५१४ खिडक्या काढून, इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत जुन्याच काचांत नवा पातळ थर आणि वायू भरून, पुन्हा बसवल्या. बाकीची कामं धरून ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आणायचा तो आराखडा होता. १९३१ ची इमारत, न पाडता.

हा मुद्दा कायद्यात अजून पुरता पक्का झालेला नाही. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या जुन्या दुकानाचं पाडकाम २०२३ मध्ये मंत्र्यांनी नाकारलं, कार्बन हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. २०२४ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला आणि वर्षाअखेर परवानगी मिळाली. ती काही उंच इमारत नव्हती, पण अशा वादांत तिचा दाखला दिला जातो.

आत माणसं असताना एवढी मोठी दुरुस्ती होते का?

होते. पॅरिसच्या बुआ-ल-प्रेत्र या सोळा मजली निवासी टॉवरचं पाडकाम घाटत होतं. त्याऐवजी २०११ मध्ये द्रुओ, लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी बाहेरच्या भिंती काढून प्रत्येक मजल्याला बाहेरून काचबंद व्हरांडा आणि बाल्कनी जोडली. बहुतेक रहिवासी आपापल्या घरात राहिले. घरं मोठी झाली, उजेड वाढला, आणि खर्च पाडून बांधण्यापेक्षा कमी आला. लाकातों आणि वासाल यांना २०२१ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

मजबुतीकरणाचं उदाहरण तर याहून नाट्यमय आहे. न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प सेंटरचे सांधे एका विशिष्ट दिशेच्या वादळात टिकणार नाहीत असं १९७८ मध्ये, इमारत वापरात आल्यावर, लक्षात आलं. रात्री ऑफिसं रिकामी झाली की वेल्डर यायचे, सांध्यांवर जाड पोलादी पट्ट्या जोडायचे. दिवसा कामकाज चालू. (लोकांना हे कळलं १९९५ मध्ये. लपवाछपवीचं समर्थन नाही, पण काम जमलं.)

त्रास मात्र होतो. धूळ, ड्रिलचा आवाज, एकच लिफ्ट चालू, आठवड्यातून दोनदा पाणी बंद. तो दोन-तीन वर्षं चालेल हे आधी सांगितलं नाही तर सहाव्या महिन्यात लोक म्हणतात, यापेक्षा पाडलं असतं तर बरं.

ऑफिसं रिकामी पडलीत. त्यांची घरं करता येणार नाहीत का?

टेप घेऊन एक माप काढा: खिडकीपासून कोअरपर्यंतचं अंतर. सात-आठ मीटरच्या आसपास असेल तर घरं चांगली होतात. पंधरा मीटर असेल तर प्रत्येक घराच्या मागच्या अर्ध्यात कायमचा अंधार. म्हणूनच वातानुकूलनाआधीच्या काळातले अरुंद टॉवर यात सरस ठरतात. तेव्हा प्रत्येक टेबलाला खिडकी लागायचीच. साठ-सत्तरच्या दशकांनंतरचे जाडजूड, बंद काचांचे मजले अवघड जातात. तिथे मधून चौक कापावा लागतो किंवा आतल्या भागात गोदामं, व्यायामशाळा असं काहीतरी घालावं लागतं.

दुसरी अडचण पाण्याची. ऑफिसच्या मजल्यावर एका टोकाला स्वच्छतागृहं असतात, घरं केली की दहा स्वयंपाकघरं आणि पंधरा बाथरूम. प्रत्येकाला उभी डक्ट हवी, म्हणजे स्लॅबला भोकं. ताण दिलेल्या तारांचा, पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर ही भोकं पाडणं फार जोखमीचं काम होऊन बसतं. लंडनचा सेंटर पॉइंट, १९६६ चा ११७ मीटरचा ऑफिस टॉवर, आता घरांचा आहे. त्याचे मजले अरुंद होते, हे त्यातलं गुपित.

थोडं पाडायचं, थोडं ठेवायचं असा मधला मार्ग?

सिडनीचा क्वे क्वार्टर टॉवर बघा. १९७६ चा एएमपी सेंटर हा टॉवर न पाडता त्याचे जवळपास दोन तृतीयांश कॉलम, बीम, स्लॅब आणि ९५ टक्के कोअर ठेवला, एका बाजूनं नवे मजले जोडले, वर उंची वाढवली. मजल्यांचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं, २०२२ मध्ये काम पुरं झालं. यातली मेख सांध्यात आहे. जुनं काँक्रीट दशकानुदशकांच्या भाराखाली जेवढं आखडायचं तेवढं आखडून बसलेलं असतं. नवं ओतलं की ते पुढची कित्येक वर्षं बारीक बारीक दबत राहतं. दोन्ही लगेच जखडली तर सांध्यावर ताण येऊन चिरा पडतात. म्हणून मधली पट्टी उशिरा भरायची, दरम्यान हालचाल मोजत राहायची. हे जमवणारा अभियंता आणि वाट पाहणारा मालक, दोघंही लागतात.

दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे सगळं नवीन, हा दुसरा 'मधला मार्ग' मला पटत नाही. सांगाड्यातला कार्बनही वाचत नाही आणि इमारतही वाचत नाही. उरतो तो मुखवटा, आणि त्यासाठी पोलादी टेकूंचा खर्च वेगळा.

इमारत चक्क कुरूप आहे. ती कोण जपणार?

पन्नास वर्षांची इमारत कायम कुरूपच दिसते. शंभराव्या वर्षी तीच देखणी ठरते, जर तोवर टिकली तर. पाडायला हा निकष फार भुसभुशीत आहे. ठेवायलाही.

सगळ्या काचा, खिडक्या बदलल्या तर मग जपलं काय?

रास्त प्रश्न. लिव्हर हाउस, न्यूयॉर्क, १९५२. हिरवट काचेच्या पडद्याची ही इमारत १९८२ मध्ये, पाडण्याचं संकट असताना, संरक्षित झाली. पण मूळ काचेच्या चौकटींत पाणी शिरून पोलाद गंजलं आणि फुगलं होतं, काचा तडकत होत्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी अख्खा पडदा उतरवून, तशाच रंगाचा, तशाच मापांचा नवा बसवला. आज जी दिसते तिच्यावर मूळ काच जवळपास नाही. तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला तीच इमारत दिसते, आणि खालचा मोकळा चौकही तोच. विसाव्या शतकातल्या इमारतींचं आवरण कारखान्यात बनलेलं असतं, त्यात दगडी मंदिराच्या कोरीवकामासारखी हाताची खूण नसते. तिथे मापं, प्रमाणं आणि जागेची मांडणी जपली तर बरंच काही जपलं, असं मी धरतो. याबाबत कट्टर लोक माझ्याशी भांडतात.

वारसा यादीत नाव गेलं की मालक अडकला, हे खरं का?

त्याचे हात बांधले जातात, हे खरं. म्हणूनच बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. यातला पायाभूत निकाल १९७८ चा. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर बांधायला न्यूयॉर्क शहरानं नकार दिला, मालक रेल्वे कंपनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली. स्टेशन म्हणून इमारतीचा वापर चालूच आहे, आणि न वापरलेला बांधकामाचा हक्क आसपासच्या भूखंडांवर नेता येतो, हे त्या निकालात महत्त्वाचं ठरलं. आपण ज्याला टीडीआर म्हणतो, तोच. पुढची गंमत अशी, की वर सांगितलेल्या २७० पार्कच्या नव्या टॉवरसाठी विकत घेतलेल्या हक्कांत याच ग्रँड सेंट्रलचे हक्कही होते. एक इमारत वाचली आणि तिच्याच हक्कांच्या जोरावर शेजारची गेली.

वयाची अटही शहरागणिक वेगळी. न्यूयॉर्कला तीस वर्षं पुरतात, अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी साधारण पन्नास. तुमच्याकडे काय आहे ते प्रस्ताव येण्याआधी शोधा, कारण प्रस्ताव आल्यावर केलेला अर्ज अडवणुकीचा डाव म्हणून वाचला जातो.

पाडणंच बरोबर, असं कधी म्हणाल?

सांगाड्यातच क्लोराइड भिनलं असेल, पायाच खचत असेल, तेव्हा. मजल्याची उंची इतकी कमी असेल की पाइप आणि डक्ट गेल्यावर डोक्याला लागेल, तेव्हा. उंची दुरुस्त होत नाही. एकच जिना असेल आणि दुसरा बसवायला जागाच नसेल, तेव्हा. आगीच्या प्रश्नावर तडजोड नाही. तेहरानच्या मध्यवर्ती भागातली १९६२ ची प्लास्को ही इमारत दुकानं आणि कपड्यांच्या कारखान्यांनी ठासून भरलेली होती. १९ जानेवारी २०१७ ला आग लागली आणि ती काही तासांत कोसळली. अग्निशमन दलाच्या अनेक जवानांचा जीव गेला. सुरक्षिततेबद्दल ताकिदी आधी दिल्या गेल्या होत्या.

टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरबद्दल मला वाईट वाटतं, पण तो पाडला ते समजतं. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये दोन कोअरना १४० सुट्या खोल्या बोल्टनी अडकवल्या. दर पंचवीसेक वर्षांनी खोली बदलायची, ही कल्पना. एकही बदलली गेली नाही. प्रत्येक खोलीचा मालक वेगळा, आणि वरच्या हलवल्याशिवाय खालची निघेना. २००७ मध्ये मालकांनी पाडण्याच्या बाजूनं मत दिलं, त्यानंतर पंधरा वर्षं टॉवर तसाच गळत राहिला आणि २०२२ मध्ये उतरवला. तेवीस खोल्या जपून ठेवल्या आहेत. इमारतीत बदलण्याची सोय होती, बदलायचा निर्णय घेणारी व्यवस्था नव्हती. तुमच्या इमारतीत शंभर गाळेधारक असतील तर तंत्रज्ञानाआधी याचा विचार करा.

आणि मजले लहान असणं हे कारण? न्यूयॉर्कची १८७ मीटरची सिंगर बिल्डिंग १९०८ मध्ये काही काळ जगातली सर्वांत उंच होती. मनोऱ्याचा एकेक मजला जेमतेम वीस मीटर बाय वीस मीटर, ऑफिसांना नकोसा. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती पाडली. आज तसल्याच मजल्यांची घरं हातोहात गेली असती. आजच्या बाजाराला नको म्हणून पाडणं, यावर मी म्हणूनच सहसा विश्वास ठेवत नाही.

भर गर्दीत एवढी उंच इमारत पाडतात तरी कशी?

स्फोटानं क्वचितच, कारण आजूबाजूला मोकळी जागा लागते. सहसा वरून खाली, मजल्यामजल्यानं. टोकियोच्या अकासाका प्रिन्स हॉटेलचा सुमारे १४० मीटरचा टॉवर २०१२-१३ मध्ये असा उतरवला की वरचं छप्पर तसंच ठेवून, त्याखाली बंदिस्त जागेत मजले कापत गेले आणि छप्पर जॅकवर खाली खाली येत राहिलं. लांबून बघणाऱ्याला इमारत आखडत चालल्यासारखी दिसायची.

सगळीकडे इतकं नीट होत नाही. २००१ च्या हल्ल्यात नुकसान झालेली न्यूयॉर्कची डॉइश बँक बिल्डिंग मजल्यामजल्यानं पाडत असताना २००७ मध्ये आग लागली. पाणी वर नेणारा स्टँडपाइप तळघरात तुटलेला होता. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. काम संपायला २०११ उजाडलं. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर वेळापत्रक विसराच: ब्रसेल्सची बर्लेमाँ इमारत त्यापायी १९९१ मध्ये रिकामी केली, ती पुन्हा उघडली २००४ मध्ये, आणि ती तर पाडलीही नव्हती.

भाडेकरू आणि तळमजल्यावरच्या दुकानदारांचं काय?

त्यांना शेवटी विचारतात आणि सगळ्यात आधी हलवतात. परत येण्याचा हक्क, किती क्षेत्रफळ, कोणत्या मजल्यावर, मधल्या काळाचं भाडं कोण आणि किती उशिरापर्यंत देणार, काम रखडलं तर काय, हे सगळं नोंदणीकृत करारात हवं. सभेतल्या आश्वासनाला किंमत नाही. दुकानदारानं आणखी एक बघावं. नव्या नकाशात फुटपाथकडे किती दारं उघडतात? बऱ्याच नव्या टॉवरांचा तळमजला म्हणजे लॉबी आणि पार्किंगचा रॅम्प असतो. मग परत येण्याचा हक्क कागदावर राहतो, गिऱ्हाईक रस्त्यावरून निघून जातं.

पुढच्या सभेत नेमकं काय मागायचं?

तीन पर्यायांचे अंदाज, एकाच माणसाकडून, एकाच पद्धतीनं: जुजबी दुरुस्ती, आवरण आणि यंत्रणा बदलून सांगाडा ठेवणं, आणि पूर्ण पाडकाम. प्रत्येकाला पुढच्या तीस वर्षांचा देखभाल-खर्च जोडून. मधल्या पर्यायाचा अंदाजच काढलेला नसेल, आणि बहुधा नसतोच, तर तो येईपर्यंत मतदान पुढे ढकला. विकासकाची आर्थिक ताकदही तपासा. अर्धवट पाडलेली इमारत आणि पळालेला विकासक, यापेक्षा दोन्ही टोकांचा कोणताही निर्णय बरा.

वाद वर्षानुवर्षं चालला तर तोवर काय करायचं?

पाडायचीच आहे, मग खर्च कशाला, म्हणत देखभाल थांबवली जाते. काही ठिकाणी मुद्दाम थांबवली जाते, म्हणजे चार-पाच पावसाळ्यांनी ऑडिट आपोआप हवं तसं येतं. म्हणून वाद चालू असतानाचा किमान खर्च ठरावात वेगळा लिहून घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पन्हळी साफ. फुटपाथवर सुटे तुकडे पडू नयेत म्हणून जाळी. जिथे सळया उघड्या आहेत तिथे तात्पुरता लेप. अग्निशमनाच्या पाइपात पाणी आणि पंप चालू, दर महिन्याला कोणीतरी प्रत्यक्ष झडप उघडून बघायची आणि वहीत सही करायची. जिने मोकळे. रिकाम्या मजल्यांवर गोदाम नको. इमारत राखायची ठरली तर हा खर्च वाया जात नाही, आणि पाडायची ठरली तरी तोवर आत माणसं असतातच.